सरावाला नाही, ती सामन्याला नाही

आमच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी जो आवाज चालतो, तो शेजारच्या दवाखान्यातल्या पेशंटांनाही आता पाठ झाला आहे. "पाय! अगं पाय वापर! हात कशाला हलवतेस, विमान उतरवतेस का?"

हा आवाज आमच्या क्रीडाशिक्षकांचा. मुलींचा फुटबॉल संघ त्यांच्याकडे आहे. मुली त्यांना पाठीमागे भोंगा सर म्हणतात आणि हे त्यांना माहीत आहे. एकदा मला म्हणाले, "म्हणेनात का. भोंगा ऐकून कारखान्यातली माणसं निदान वेळेवर कामाला तरी जातात. माझं ऐकून कोण येतं?"

मी याच शाळेत वाणिज्य शिकवतो. माझं काम व्यवस्थित असतं असा समज असल्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला या संघाचा व्यवस्थापक नेमलं. बस बोलावणं, पालकांच्या सह्या आणणं आणि पाण्याच्या बाटल्या परत आल्या की नाही ते पाहणं एवढंच माझ्याकडे. खेळातलं मला फारसं कळत नाही. पण एका माणसाच्या नाकी नऊ कसे येतात, ते मात्र मी इतकी वर्षं अगदी जवळून पाहिलं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, फुटबॉल शिकवणं म्हणजे चेंडू कसा मारायचा ते शिकवणं. सरांच्या दिवसात ते काम सगळ्यात शेवटी येतं, आणि बहुतेक वेळा येतच नाही. आधी पालकांचे फोन. एका आईनं विचारलं होतं, "आज हिला शिंका येताहेत, आज हिला बसून खेळवाल का?" सरांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एका मुलीचे वडील रोज कुंपणाला टेकून उभे असतात. त्यांची मुलगी बचावात खेळते, पण ते तिला "पुढे जा, गोल मार!" असं ओरडतात, आणि ती आज्ञाधारक पोरगी खरंच सगळं सोडून पुढे जाते. मग गाण्याच्या बाई. स्नेहसंमेलन जवळ आलं की त्या आमच्या तीन मुली उचलून नेतात आणि परत पाठवताना घसा जपायला सांगतात. मग त्या तिघी मैदानावर एकमेकींना हाका मारत नाहीत, खुणा करतात. सर कपाळाला हात लावतात. "फुटबॉल आहे का मूकनाट्य?"

यातूनच तो नियम जन्माला आला. मुली सरावाला दांड्या मारायच्या, पण सामन्याच्या दिवशी मात्र घरचे सगळे, कॅमेरा, नव्या रिबिनी असा लवाजमा घेऊन हजर. मग सरांनी एक दिवस तांबडा रंग आणून साहित्याच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं: शेवटच्या सरावाला नाही, ती सामन्याला नाही.

आणि त्यांनी तो पाळला. मागच्या वर्षी संघाची कप्तानच त्यात सापडली. तिला सगळ्या 'आजी' म्हणतात, कारण ती पंधरा वर्षांची असून साठीतल्या बाईसारखं सावकाश, पोक्त बोलते. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न नेमकं शेवटच्या सरावाच्या दिवशी होतं. बिचारी मांडवातून निसटून जरीच्या कपड्यांत मैदानावर आली, कडेला थोडा वेळ उभी राहिली, आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बाहेर बसवलं. ती म्हणाली, "सर, मी आले होते." सर म्हणाले, "येणं म्हणजे सराव नव्हे." संघ सपाटून हरला. पहिल्या फेरीत हरण्याची आमची परंपराच होती म्हणा. इतक्या वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती.

यंदा मात्र प्रकरण निराळं झालं. शाळेच्या बस रस्त्यावर उभ्या राहतात म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. मोठ्या बाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, मीही होतो. त्या वाईट बाई नाहीत, सरळ बोलतात एवढंच. "सर, या वर्षी निदान पहिली फेरी पार करा. नाहीतर पुढच्या वर्षापासून फुटबॉल बंद. मैदानावर बस लागतील. तुम्ही सकाळची कवायत घ्या."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "कवायत! एक-दोन-एक-दोन. मी काय घड्याळ आहे?"

सामना शनिवारी दुपारी होता. शेवटचा सराव शुक्रवारी शाळा सुटल्यावर. सगळ्या मुली आल्या; गाण्याच्या बाईंनीसुद्धा आपल्या तिघी सोडल्या. नव्हती ती फक्त गोलकीपर. तिचं नाव 'कपाट'. गोलच्या मध्ये उभी राहिली की बाकी काही दिसत नाही. तिच्याशिवाय आमचा गोल म्हणजे सताड उघडं दार.

"कपाट कुठं आहे?" सरांनी विचारलं.

मुलींनी एकदम वर बोट केलं. पहिल्या मजल्यावरच्या वर्गाच्या खिडकीत, फळ्यासमोर, हातात खडू घेऊन कपाट उभी होती. आणि तिच्या शेजारी गणिताच्या बाई.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गणिताच्या बाई या सरांच्या पत्नी. दोघं एकाच स्कूटरवरून शाळेत येतात आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं की एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणतात. बाईंचाही नियम आहे, फक्त तो त्यांनी दारावर रंगवलेला नाही: उदाहरण सुटल्याशिवाय वर्ग सुटत नाही.

सरांनी तोंडाभोवती हात धरले. "कपाट! खाली ये!"

कपाटनं वळून पाहिलं. बाईंनी काहीतरी म्हटलं, ती पुन्हा फळ्याकडे वळली.

"बाई! माझी गोलकीपर सोडा!"

बाई खिडकीशी आल्या, खाली पाहिलं, आणि खिडकी लावून घेतली. मुली हसू दाबत होत्या. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वर जाऊन भांडायचं, तर खाली बाकीच्या मुलींचा सराव बुडणार. ते तिथल्या तिथे फिरत राहिले, अर्धा डोळा चेंडूवर, अर्धा खिडकीवर. कपाट खाली आली तेव्हा सराव संपून मुली बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

शिक्षकांच्या खोलीत मी वह्या आवरत होतो. दोघं एकदमच आत आले.

"सर, यांना विचारा," सर मला म्हणाले, "सामना उद्या आहे हे यांना ठाऊक होतं का."

"सर, यांना सांगा," बाई मला म्हणाल्या, "की चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच थांबवलं तिला."

"म्हणूनच? ऐकलंत सर? म्हणूनच!"

"गणितात नापास मुलीला सामन्याला न्यायचं नाही, ही मोठ्या बाईंची सूचना यांनी वाचली होती का, ते विचारा. सूचनाफलकावर आठवडाभर आहे. ती पोरगी चाचणीत नापास झाली होती. आज फेरपरीक्षा घेतली, तासभर डोकं फोडलं, आणि पास केली. मी नसतं थांबवलं, तर उद्या यांनी गोलमध्ये कोणाला उभं केलं असतं? या सरांना?"

या सरांना म्हणजे मला. मी मान खाली घालून वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

सरांचा पारा अर्ध्यावर अडकला. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"घरी सांगायला गेले तर म्हणता, शाळेचं शाळेत. शाळेत सांगायला गेले तर तुम्ही मैदानावर. आणि मैदानावर तुम्ही कोणाचं ऐकता? स्वतःचंच ओरडणं ऐकता."

बाई पर्स उचलून स्कूटरपाशी जाऊन थांबल्या. सर खुर्चीत बसले. आता अडचण बाईंची राहिली नव्हती, त्या दाराची होती. कपाट पास झाली होती, पण शेवटच्या सरावाला नव्हती.

"तिला खेळवलं, तर आजी काय म्हणेल?" ते म्हणाले. "मागच्या वर्षी ती लग्नातून उठून आली होती हो."

मी म्हटलं, "मग नका खेळवू."

"आणि बस लावू द्या मैदानावर? काय बोलताय तुम्ही, सर?"

थोडा वेळ ते टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग एकदम उभे राहिले. चेहऱ्यावर असा काही आनंद, की मला धसकाच बसला. "उद्या सकाळी सहाला आणखी एक सराव! तोच शेवटचा. कपाट येईल, नियमही राहील. तुम्ही सगळ्यांच्या घरी फोन करा."

मी केले. एकेका घरी "शनिवारी? सकाळी? सहाला?" हे तीन प्रश्न ऐकले. सगळ्यांनी हो म्हटलं. वॉचमनला मात्र कोणी सांगायचं, हे मला वाटलं सर बघतील, आणि सरांना वाटलं मी बघेन.

सकाळी सहाला फाटकाला कुलूप. वॉचमनला उठवून, त्याची बोलणी खाऊन, आम्ही आत गेलो. मुली जांभया देत आल्या. कपाट तर वडिलांच्या सायकलवर मागे बसून आली. सर खुशीत होते. मोजून पाहिलं, तर एक कमी.

"घाई कुठं आहे?"

घाई आमची पुढची खेळाडू. अंगात पाणी नाही, पारा. गोल झाला तर तिच्याकडूनच, हे सगळ्या शाळेला माहीत. आणि तिला घाई म्हणतात, कारण ती कुठंही वेळेआधी पोचते. वर्गात, बसमध्ये, परीक्षेला, सगळीकडे. ती उशीर करेल हे कोणाच्या मनातही आलं नसतं. सराव संपला तरी ती आली नाही. तिच्या घरचा फोन कोणी उचलेना. बिचारे सगळे झोपले असावेत.

दुपारी बस आली. दार उघडून आत पाहतो तर पहिल्या बाकावर घाई, बूट घालून, नाड्या घट्ट बांधून.

"तू सकाळी कुठं होतीस?" सरांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"आले होते, सर! पाचलाच आले. फाटकाला कुलूप, आत अंधार, कोणी नाही. मला वाटलं रद्द झालं. मग घरी जाऊन झोपले."

बसमध्ये सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आली होती ना! वॉचमनची चूक! कुलूप तिनं लावलं होतं का? सर मधल्या वाटेत दांडा धरून उभे. त्यांनाही तेच म्हणायचं होतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून आजी सावकाश म्हणाली, "सर, येणं म्हणजे सराव नव्हे."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मागच्या वर्षी सरांनीच तिच्या मनावर ते बिंबवलं होतं.

सरांनी घाईला सांगितलं, की तिनं आज बाकावर बसायचं. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "गोलकीपर वाचवायला सराव ठेवला, आणि गोल करणारी घालवली. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही."

समोरचा संघ उंचच्या उंच मुलींचा. सगळ्यांचे मोजे एका रंगाचे. आमच्याकडे तेवढं कधी जमलेलं नाही. मोठ्या बाई छत्री उघडून खुर्चीवर बसल्या होत्या. गणिताच्या बाईही आल्या होत्या. सामना बघायला त्या कधी येत नाहीत. "तासभर डोकं फोडलंय, त्याचं काय झालं ते बघते," म्हणाल्या.

पूर्वार्धात कपाटनं कमाल केली. चेंडू तिच्या पोटावर आदळले, खांद्यावर आदळले, एक तर नाकावर. नाक लाल झालं तरी ती हलली नाही. पण पुढे आमचं काहीच चालेना. चेंडू तिकडे गेला की घेणारं कोणी नाही. कुंपणावरच्या वडिलांनी तिथेही ठाण मांडलं होतं. त्यांची मुलगी दोनदा बचाव सोडून पुढे गेली, आणि दोनदा कपाटला एकटीला गोल सांभाळावा लागला. सरांचा घसा बसला. बाकावर घाई गुडघे हलवत बसली होती. नुसतं बघूनच तिला घाम फुटला होता.

मध्यंतराला शून्य-शून्य. मुली गवतावर आडव्या. मी बाटल्या फिरवत होतो.

बाई पुढे आल्या आणि मैदानात असूनही 'सर' म्हणायला विसरल्या. "अहो, ती मुलगी कधीची बूट घालून बसली आहे."

"नियम आहे."

"नियम असेल, तर शुक्रवारी संध्याकाळीच पाळायचा होता. कपाटसाठी तो वाकवलात ना? मग तो मोडलाच की. आता या पोरीपाशी येऊन तो पुन्हा सरळ कसा झाला?"

सरांनी आजीकडे पाहिलं. ती पाणी पीत होती. घोट गिळून तिनं तोंड पुसलं.

"घ्या तिला, सर," ती म्हणाली. "माझं काय, मी मागच्या वर्षी बसले ते बसले. आता मैदान गेलं तर पुढच्या वर्षी मी कशाची कप्तान? आणि खरं सांगू, मला एकटीला पुढे पळवत नाही."

सर उठले. "घाई, अंग गरम कर." मग टोपी नीट केली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "नियम मोडला आहे. मी मोडला आहे. मोडणारा बाहेर बसतो. आजी, पुढचं तू बघ."

"बाहेर म्हणजे कुठं, सर?"

"बसमध्ये."

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच चालायला लागले. बाई म्हणाल्या, "अहो, हा काय वेडेपणा? इथंच बाकावर बसा की!" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बस मैदानाच्या भिंतीमागे उभी होती. खिडकीतून फक्त भिंत दिसत होती, आणि भिंतीवर कुठल्याशा रंगाच्या कंपनीची जाहिरात.

उत्तरार्ध मी सरांशिवाय पाहिला. मैदान विचित्र शांत वाटत होतं. आजी मध्येच उभी राहून सावकाश सूचना देत होती, जणू भाजी निवडत गप्पा मारते आहे. घाईनं आल्याबरोबर सवयीप्रमाणे केलं: चेंडूच्या आधी जाऊन समोरच्या गोलपाशी उभी. कडेच्या पंचांनी ऑफसाइडचा झेंडा वर केला. पुन्हा गेली, पुन्हा झेंडा. बाई माझ्या शेजारी पुटपुटल्या, "हिला कोणी धरून ठेवा हो."

मग समोरच्या गोलकीपरनं चेंडू आपल्याच मुलीकडे निवांत ढकलला. ती मुलगी मोजा वर ओढत होती. चेंडू तिच्यापर्यंत पोचायच्या आधी घाई तिथे पोचली. बाकी काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. आमच्या मुलींच्या किंकाळीनं मी दचकलो आणि हातातली बाटली सांडली.

त्यानंतर समोरच्यांनी जिवाच्या आकांतानं हल्ले केले. कपाट सगळ्यांना पुरून उरली. शिट्टी झाली. एक-शून्य.

मी बसकडे निघालो, पण मुली माझ्या आधी पोचल्या. चालकानं नंतर मला सांगितलं, की सर दर किंकाळीला उठायचे आणि त्याला विचारायचे, "कोणाचा आवाज? आपल्यांचा का त्यांचा?" तो वैतागून म्हणाला होता, "सर, सगळ्याच मुली सारख्याच किंचाळतात. उतरून बघा ना!" सर उतरले नाहीत.

"जिंकलो, सर! जिंकलो!"

मोठ्या बाई दारात आल्या. "सर, तुम्ही इथे? बघितलं नाहीत?"

"नाही, बाई."

त्यांनी गणिताच्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी फक्त मान हलवली. "बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मैदान राहिलं. बसचं काहीतरी बघते मी."

सर ते ऐकून घेतील, दोन शब्द बोलतील, असं मला वाटलं होतं. ते मुलींकडे वळले. "गोल कसा झाला?"

सगळ्या एकदम सांगायला लागल्या. कोणी शेवटापासून, कोणी मधूनच. कपाट आपल्या नाकाबद्दल सांगत होती. घाईनं तर पहिल्याच वाक्यात गोल करून टाकला आणि मग तिच्याजवळ सांगायला काही उरलं नाही.

"एक एक बोला गं! पास कोणी दिला?"

"त्यांच्याच गोलकीपरनं, सर!"

"म्हणजे?"

पुन्हा सगळ्या एकदम. सर हताश होऊन माझ्याकडे वळले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की मी बाटली सांडली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती वर्णन करण्यासारखी नाही.

बस सुटली. बाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. सर बाहेर बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा जिंकलो. एकदा! आणि मी रंगाची जाहिरात वाचत बसलो."

"कोणी सांगितलं होतं?" बाई म्हणाल्या.

"कोणीच नाही. तेच तर."

मी कागद पाहून सांगितलं, की पुढची फेरी गुरुवारी आहे. सर लगेच उठून मागे तोंड करून उभे राहिले. "गुरुवारी सामना! म्हणजे बुधवारी सराव. कोणाला काही अडचण आहे का?"

बसमध्ये सात-आठ हात वर झाले.